बोळकं हसू आणि जेवणापुरती कवळी

मार्च १९२७ चा शेवटचा आठवडा. खादीच्या कामासाठी दौऱ्यावर निघालेले महात्मा गांधी कोल्हापुरात आले होते. वय सत्तावन्न. सभेमागून सभा, भेटीमागून भेटी, त्यात मार्चचं ऊन. दिवस संपता संपता शरीरानं साथ सोडली. इथून ते निपाणीला गेले आणि दौरा तिथेच थांबवावा लागला. रक्तदाब फार वाढला होता. डॉक्टरांनी सक्तीची विश्रांती सांगितली. आधी आंबोलीची थंड हवा, मग म्हैसूरकडच्या नंदी टेकड्या, असे पुढचे काही आठवडे गेले.

गांधीजींच्या शरीराचा हिशेब जितका बारकाईनं ठेवला गेला, तितका क्वचितच कुणाचा ठेवला गेला असेल. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेनं २०१९ मध्ये त्यांच्या आरोग्याच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. उंची १६५ सेंटिमीटर, वजन जेमतेम ४६.७ किलो, मलेरिया तीनदा, मूळव्याध आणि अपेंडिक्सची शस्त्रक्रिया, आणि १९४० मध्ये रक्तदाब २२०/११०. हे आकडे डॉक्टर मंडळी चवीनं वाचतात. पण सामान्य माणसाला गांधीजी आठवतात ते चष्म्यामुळे, काठीमुळे आणि त्या बोळक्या हसण्यामुळे. समोरचे दात नसलेलं इतकं प्रसिद्ध तोंड या देशात दुसरं झालं नाही. आणि ते दात लावायचे की नाही, लावायचे तर कशासाठी, याचा निर्णय या माणसानं जितका स्पष्ट घेतला, तितका आज दंतवैद्याच्या खुर्चीत बसलेल्या अनेकांना घेता येत नाही.

पोरबंदरला १८६९ मध्ये जन्म, १८८८ मध्ये बॅरिस्टर होण्यासाठी लंडन, १८९३ मध्ये दक्षिण आफ्रिका. हा भाग सगळ्यांना पाठ आहे. तोंडाशी संबंधित पहिली मोठी घटना आफ्रिकेतली. १० फेब्रुवारी १९०८ रोजी जोहान्सबर्गच्या रस्त्यावर मीर आलम आणि त्याच्या साथीदारांनी त्यांना बेदम मारलं. शुद्ध हरपली. पाद्री डोक यांच्या घरी डॉ. थ्वेट्स यांनी गालाला आणि वरच्या ओठाला टाके घातले. टाके निघेपर्यंत बोलायचं नाही आणि फक्त पातळ पदार्थ घ्यायचे, असं पथ्य सांगितलं.

ओठ फाटण्याइतका मार बसला, की आतल्या दातांचीही तपासणी व्हायलाच हवी. तालमीत, कबड्डीच्या मैदानात किंवा मोटरसायकलवरून पडून समोरच्या दातांवर मार बसलेली मुलं कोल्हापुरात काही कमी नाहीत. ओठाला टाके पडतात, सूज उतरते आणि घरचे निश्चिंत होतात. दात मात्र आतून मेलेला असू शकतो. तो हळूहळू काळा पडतो आणि काही वर्षांनी हलायला लागतो. मुळापासून निघालेला पक्का दात न घासता, दुधात ठेवून, तासाभराच्या आत दंतवैद्याकडे नेला तर तो परत बसवता येतो, हेही पुष्कळांना ठाऊक नसतं.

आफ्रिकेतच गांधीजींनी दूध सोडलं आणि फळं, शेंगदाणे, खजूर, लिंबू यांवर राहायला सुरुवात केली. हा आहार चावून खाण्याचा. १९१४ मध्ये लंडनला त्यांना प्लुरसी झाली, तेव्हाही त्यांनी डॉक्टरांचं दुधाविषयी ऐकलं नाही. १९१८ मध्ये खेडा जिल्ह्यात आमांशानं त्यांना अंथरुणाला खिळवलं. ते माथेरानला गेले, तिथे बरं वाटेना म्हणून मुंबईला आले. तिथे डॉ. दलाल यांनी बजावलं, की दुधाशिवाय हे शरीर उभं राहणार नाही. व्रत गाईम्हशीच्या दुधाचं आहे, शेळीच्या नाही, ही पळवाट कस्तुरबांनी काढली. आपण तडजोड केली याची बोच त्यांना पुढे कायम राहिली. पण शरीर सावरलं.

पुढे जेवण बदलत गेलं. १९२९ मध्ये त्यांनी न शिजवलेल्या अन्नाचा प्रयोग केला. त्याचं प्रमाण त्यांनी आपल्या साप्ताहिकात छापलं होतं: ८ तोळे मोड आलेले गहू, ८ तोळे बदाम, ८ तोळे हिरवा पाला, ६ लिंबं आणि मध. त्यात एक गोष्ट नजरेत भरते. बदाम वाटलेले आहेत आणि पाला कुटलेला आहे. एके काळी शेंगदाणे चावणाऱ्या माणसाच्या ताटात आता पाट्यावरून आलेला लगदा होता. दात गेलेल्या प्रत्येक घरात हेच होतं. भाकरी दुधात कुस्करली जाते, पेरूऐवजी केळं येतं, उसाचं कांडं नातवाकडे जातं. माणूस जेवत असतो, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. पण कोशिंबीर, फळं, मोडाची कडधान्यं ताटातून गळतात आणि त्यांच्याबरोबर तंतू आणि जीवनसत्त्वंही गळतात. गांधीजींनी ती गळू दिली नाहीत, वाटून घेतली. तो प्रयोग पुढे त्यांना सोसला नाही, अशक्तपणा आला आणि सोडावा लागला. पण वाटून घेण्याची युक्ती आजही चांगली आहे. मिक्सर घरोघरी आहे.

दातांची निगा ते राखत नव्हते असं मुळीच नाही. १९३० मध्ये येरवड्याच्या तुरुंगात काका कालेलकर त्यांच्याबरोबर होते. काका रोज लिंबाची काडी आणत. वापरून झाल्यावर तिचा कुंचला झालेला शेंडा कापायचा आणि तीच काडी दुसऱ्या दिवशी वापरायची, असा गांधीजींचा आग्रह. झाडं तुरुंगात भरपूर होती, तरी काडी सुकून जाईपर्यंत नवीन तोडायची नाही. तरीही दात गेले. याचं आश्चर्य वाटायला नको. प्रौढ वयात दात जातात ते मुख्यतः किडीमुळे आणि हिरड्यांच्या आजारामुळे, ज्याला आपण पायोरिया म्हणतो. दातांच्या फटींत आणि हिरडीच्या कडेखाली जमलेला थर काडीनं निघत नाही, नुसत्या ब्रशनंही पुरता निघत नाही. हाड आतून झिजत जातं, दुखत काहीच नाही, आणि एक दिवस दात हलतो. मिश्री लावणाऱ्या बायका आणि तंबाखू दाबणारे पुरुष यांच्यात हे लवकर होतं, आणि मधुमेह असेल तर आणखी लवकर.

१९३१ मध्ये गोलमेज परिषदेसाठी गांधीजी इंग्लंडला गेले. त्या वर्षी २६ सप्टेंबरला लँकेशायरमधल्या डार्वेन इथे गिरणी कामगार बायकांच्या घोळक्यात काढलेलं त्यांचं छायाचित्र जगभर पोहोचलं. परदेशी कापडावरच्या बहिष्कारानं ज्यांचं काम गेलं, त्याच बायका त्यांच्याभोवती आनंदानं ओरडत आहेत आणि मध्ये हा पंचा नेसलेला माणूस हसतो आहे. योगायोग असा, की त्याच वर्षी होंडुरासमध्ये उत्खननात एका जबड्याचा तुकडा सापडला. सुमारे इसवी सन ६०० मधला, माया संस्कृतीतला. खालच्या समोरच्या तीन दातांच्या जागी शिंपल्याचे घासून आकार दिलेले तुकडे बसवलेले होते. मृत्यूनंतर सजावट म्हणून बसवले असतील असं आधी वाटलं. १९७० मध्ये एक्स-रे काढला तेव्हा दिसलं, की त्यांच्याभोवती हाड भरून आलं होतं. म्हणजे जिवंत माणसाच्या तोंडात ते रुजले होते.

गांधीजींच्या काळात मात्र असा पर्याय कुणाकडेच नव्हता. भारतातलं पहिलं दंत महाविद्यालय डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी कलकत्त्यात काढलं ते १९२० मध्ये, मुंबईचं नायर दंत महाविद्यालय १९३३ चं. कवळ्या बनत त्या कडक केलेल्या रबराच्या. आजचं गुलाबी ॲक्रिलिक १९३७ च्या सुमारास नुकतं येऊ लागलं होतं. पैसेवाल्यांसाठी सोन्याचा ब्रिज होता. गांधीजींनी कवळी घेतली. आणि ती फक्त जेवताना लावली.

१९३६ पासून ते वर्ध्याजवळ सेवाग्रामला राहत होते. जून १९४२ मध्ये लुई फिशर हे अमेरिकी पत्रकार तिथे आठवडाभर राहून गेले. जेवायला बसताना गांधीजी कवळी लावत, जेवण झालं की काढून सगळ्यांसमोर धूत आणि ठेवून देत, हे त्यांनी पाहिलं. नंतर राजकारणाची बोलणी, पाहुणे, प्रार्थना हे सगळं बोळक्या तोंडानं. समोरचे दात नसले की मराठीत त, द, स, फ, व हे उच्चार आधी बिघडतात, आणि चाकातला च किंवा जहाजातला ज फुसका होतो. गुजरातीत आणि हिंदीतही तसंच काहीसं होत असणार. पण जीभ आणि ओठ काही आठवड्यांत नवी जागा शोधतात. गांधीजी हळू बोलत, छोटी वाक्यं बोलत, आणि लाखो लोकांना ते समजत होतं.

याच्या अगदी उलट उदाहरण एकशे पन्नास वर्षांपूर्वीच्या अमेरिकेतलं. जॉर्ज वॉशिंग्टन १७८९ मध्ये पहिले राष्ट्राध्यक्ष झाले तेव्हा त्यांच्या तोंडात स्वतःचा एकच दात उरला होता. त्यांची कवळी लाकडाची होती हे खोटं. ती पाणघोड्याच्या दाताची, माणसांच्या दातांची, शिशाची आणि सोन्याच्या तारांची होती. १७८४ च्या त्यांच्या हिशेबवहीत नऊ दात काळ्या माणसांकडून विकत घेतल्याची सहा पौंड दोन शिलिंगांची नोंद आहे. ती माणसं त्यांच्याच मळ्यावरची गुलाम असावीत. स्प्रिंगांमुळे कवळी उघडायला बघायची, म्हणून जबडा सतत आवळून धरावा लागे. १७९६ मधल्या चित्रांत त्यांचा ओठ फुगलेला दिसतो, आणि त्याच चित्रावरून डॉलरच्या नोटेवरचा घट्ट मिटलेल्या तोंडाचा चेहरा आला. आपल्या नोटेवरचा चेहरा हसतो आहे.

म्हणून गांधीजींसारखं करा, असं कुणाला सांगता येणार नाही. पंचविशीतल्या मुलीला मुलाखतीला जायचं असतं, शिक्षकाला दिवसभर वर्गात बोलायचं असतं. तिथे दिसणं आणि बोलणं या गरजाच आहेत, चोचले नव्हेत. पण दंतवैद्यानं किमती सांगण्याआधी रुग्णानं स्वतःला विचारायला हवं, की हा दात कशासाठी हवा आहे: चावायला, बोलायला, की हसायला? समोरच्या दातांनी आपण चावत फार कमी, तोडतो. पोळीचा तुकडा हातानं तोडणाऱ्या माणसाला पुढचा दात जेवणासाठी तितका लागत नाही, जितकी दाढ लागते. आपल्याकडे मात्र उलट होतं. समोरच्या एका दातासाठी कर्ज काढलं जातं आणि मागच्या चार दाढा नसल्याचं कुणी मनावर घेत नाही.

काढता-घालता येणारी कवळी सगळ्यांत स्वस्त आणि चटकन होणारी. दात काढल्यावर जखम भरेपर्यंत तात्पुरती म्हणून तर ती उत्तमच. पण तिच्याखालचं हाड झिजत राहतं. दात काढल्यानंतर पहिल्या वर्षात त्या जागेच्या हाडाची रुंदी निम्म्यापर्यंत कमी होते, आणि त्यातला बराच भाग पहिल्या तीन महिन्यांतच जातो. म्हणून दोन-तीन वर्षांत कवळी सैल होते आणि नवी करावी लागते. गांधीजी ती जेवणाबाहेर काढून ठेवत, ते हिरड्यांच्या दृष्टीनं चुकीचं नव्हतं. रात्री तर कवळी काढून, धुऊन, पाण्यात ठेवायलाच हवी. कित्येक आजोबा ती तोंडात ठेवूनच झोपतात आणि मग टाळूला बुरशी होते.

ब्रिज म्हणजे शेजारचे दोन दात घासून त्यांच्यावर टोप्या आणि मधे लटकता दात. आठ-पंधरा दिवसांत काम होतं. शेजारच्या दातांवर आधीच कॅप असतील, तर हा सरळ मार्ग. ते निरोगी असतील तर मात्र दहादा विचार करावा, कारण घासलेलं आवरण परत येत नाही. अशा वेळी मेरीलँड ब्रिज नावाचा प्रकार विचारून घ्यावा. त्यात शेजारच्या दाताच्या मागच्या बाजूला एक पातळ पंख चिकटवतात, घासणं जवळजवळ नाही. विशीच्या आतल्या मुलामुलींसाठी तो फार सोयीचा, कारण जबड्याची वाढ पूर्ण होण्याआधी इम्प्लांट करू नये. भोवतालचे दात वाढीबरोबर खाली सरकतात, इम्प्लांट तिथेच राहतो आणि दोन-चार वर्षांत तो दात आखूड दिसायला लागतो.

इम्प्लांटचा जन्म गांधीजींच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी झाला. १९५२ मध्ये स्वीडनमध्ये पेर-इंगवार ब्रेनमार्क सशाच्या पायात टायटॅनियमचं उपकरण बसवून हाडातलं रक्ताभिसरण पाहत होते. प्रयोग संपल्यावर उपकरण काढायला गेले तर ते निघेना. हाडानं ते धरून ठेवलं होतं. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात असे स्क्रू बसवले आणि त्या माणसानं ते चाळीस वर्षं वापरले.

पण समोरच्या दातांचं इम्प्लांट हे दाढेच्या इम्प्लांटपेक्षा अवघड असतं. वरच्या पटाशीच्या दातांपुढचं हाड बहुतेक माणसांत एक मिलिमीटरहूनही पातळ असतं. दात काढला की आधी तेच विरघळतं, हिरडी वर सरकते, आणि हसताना हिरडी दिसणाऱ्या माणसात ती चूक लपत नाही. त्यामुळे त्रिमितीय स्कॅन काढल्याशिवाय आजच्या आज दात बसवून देतो म्हणणाऱ्याकडे जरा सावधपणे पाहावं. हाड चांगलं असेल तर त्याच दिवशी स्क्रू बसवता येतो, नाहीतर हाडाची भर घालून काही महिने थांबावं लागतं. हिरडी पातळ असेल तर टायटॅनियमची करडी छटा आतून दिसते. तिथे पांढऱ्या झिर्कोनियाचा जोड वापरतात. दात सिमेंटनं चिकटवण्यापेक्षा स्क्रूनं बसवलेला बरा, कारण हिरडीखाली राहिलेलं सिमेंट पुढे सूज आणतं. आणि चारही पटाशीचे दात गेले असतील तर चार इम्प्लांट लागतातच असं नाही. उलट दोन इम्प्लांटवर चार दातांचा ब्रिज पुष्कळदा जास्त चांगला दिसतो, कारण दोन इम्प्लांट शेजारी-शेजारी आले की त्यांच्यामधला हिरडीचा त्रिकोण नीट भरत नाही आणि काळी फट राहते. खर्चही कमी. हा प्रश्न रुग्णानं आपण होऊन विचारायला हवा. सगळेच दात गेलेल्या वृद्धांना खालच्या जबड्यात दोन इम्प्लांट आणि त्यांवर बटणासारखी अडकणारी कवळी, एवढ्यानंही जेवण सुधारतं.

इम्प्लांटला कीड लागत नाही, हे खरं. पण भोवतालच्या हिरडीला तोच पायोरियासारखा आजार होतो, आणि तो दातापेक्षा वेगानं हाड खातो. ज्या तोंडातून दात पायोरियानं गेले, तिथे पायोरिया बरा न करता स्क्रू बसवणं म्हणजे गळक्या घरात नवी गादी टाकणं. तंबाखू, मिश्री, विडी सुटलेली नसेल, साखर ताब्यात नसेल, तर आधी ते. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून वर्षातून एकदा घेतलेलं इंजेक्शन, डोक्या-मानेला दिलेले किरण, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, हे दंतवैद्याला सांगायलाच हवं. पण गोळ्या स्वतःच्या मनानं बंद करायच्या नाहीत. रक्तदाब १८०/११० च्या वर असेल तर दातांचं ठरवून करायचं कुठलंही काम पुढे ढकलतात. १९४० मधल्या आकड्याच्या गांधीजींना आजच्या दंतवैद्यानं आधी फिजिशियनकडे पाठवलं असतं.

ऑगस्ट १९४२ ते मे १९४४ ते पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कैदेत होते. महादेवभाई गेले, कस्तुरबा गेल्या. याच कैदेच्या पहिल्या चार महिन्यांत त्यांनी आरोग्यावरचं आपलं छोटं पुस्तक नव्यानं लिहून काढलं. बाहेर आल्यावर पुन्हा दौरे, नौखाली, कलकत्ता, दिल्ली. ३० जानेवारी १९४८ रोजी अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्यांची हत्या झाली.

दिल्लीत राजघाटासमोर राष्ट्रीय गांधी संग्रहालय आहे. तिथे शेवटच्या दिवशीचं रक्तानं माखलेलं धोतर आहे, तीनपैकी एक गोळी आहे, काठी आहे, भांडी आहेत. त्यांच्याबरोबर गांधीजींचा दात आहे आणि एक हस्तिदंती दातकोरणं. दात अगदी लहान दिसतो. बरेच लोक तो न पाहताच पुढे जातात.